वरच्या खोलीचा एसी

फ्रिस्को, टेक्सास
९ मार्च २००८

आदरणीय पद्मिनीताईस,

धाकटा भाऊ जगन्नाथचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला काय बोलावं ते सुचत नाही, तेव्हा पत्रच बरं. तुझ्या गिरीशच्या मोटारींच्या कारखान्यात माणसं कमी करताहेत असं तू लिहिलंस, तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. त्याची नोकरी गेली तर तुझं काय? आपल्या दोघांची नागपूरची घरं ह्या मुलांच्या शिक्षणात गेली. परत जायला उंबरठाही राहिला नाही.

परवा जेवताना धीर करून रवीला म्हणालो, वरची खोली रिकामीच आहे, आत्याला इकडे आणू. रवी हसला. वरच्या मजल्याचा एसी वेगळा आहे, तो उन्हाळाभर चालवायचा तर बिल किती येईल, असं म्हणाला. मग म्हणाला, "बाबा, ह्या उन्हाळ्यात विजेचं बिल खाली आणून दाखवा, आत्याला आणू." सूनबाई हर्षिताही हसली. हसेनात का. शब्द तो शब्द.

इथे वीज आपल्यासारखी एका बोर्डाची नसते. तार एकच, पण विकणाऱ्या कंपन्या ढीगभर. संगणकावर एक पान आहे, त्यात आपला पिनकोड टाकला की सगळ्यांचे भाव एकाखाली एक येतात, संत्रा मार्केटमध्ये ढीग मांडून ठेवल्यासारखे. रवीने मला ते उघडायला शिकवलं आणि म्हणाला, आता तुम्हीच निवडा, निदान दिवे बंद करत माझ्यामागे फिरणार नाही. मी रोज बघतो. भाव रोज बदलतात. आज घेतला आणि उद्या उतरला तर, ह्या विचाराने छातीत धडधडतं.

तिकडे बर्फ असेल. पायरीवर एकटी उतरू नकोस. माया आहे तेवढी राहू दे.

तुझा,
जगन्नाथ


नोव्हाय, मिशिगन
२७ मार्च २००८

चि. जगूस,

ताईच्या मंगलकामना. जयभीम.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग राग आला. सातवीत तू बेरजेत दोनदा आपटलास, मास्तरांनी तुला कोपऱ्यात उभं केलं, तेव्हाही तू भिंतीवरच्या पाली मोजत होतास. आता अमेरिकेत विजेचे भाव मोजतोस. पोरगा गंमत करतो आणि तू ती गाठीशी बांधतोस.

मी सांगते ते कर. बिल बाजूला ठेव आणि रवीला विचार, आत्याला ठेवतोस का? हो म्हणेल नाहीतर नाही म्हणेल. तुला नाही ऐकायची भीती वाटते म्हणून तू विजेच्या आड लपतोस. लहानपणी आईच्या लुगड्याआड लपायचास तसाच.

माझी खाट आता तळघरात आहे. वरची खोली भाड्याने दिली. कपडे धुण्याचं मशीन शेजारी आहे, ते चालू असलं की जमीन हलते. ऐकू येत नाही हे एक बरं झालं. गिरीश घरात असला की बोलत नाही, आणि हल्ली तो फार वेळ घरात असतो.

छातीत धडधडतं ते डॉक्टरला सांग, मला नको. बहीण म्हणून आठवण ठेव.

पद्मिनी


फ्रिस्को
४ मे २००८

आदरणीय ताईस,

जगन्नाथचा सप्रेम जयभीम. वि. वि.

रवीला विचारलं नाही, पण त्याहून मोठी बातमी आहे. मी कंपनी निवडली.

त्या पानावर आधी विचारतात, भाव किती युनिटांचा बघायचा? पाचशेचा, हजाराचा की दोन हजारांचा? मी दोन हजारांवर बोट ठेवलं. दोन हजार युनिटं जाळूनही जी सगळ्यात स्वस्त, ती कमी जाळल्यावर आणखी स्वस्त पडणार. आपल्या बोर्डात नाही का, पहिली युनिटं गरिबाला स्वस्त आणि पुढे दर चढत जातो? त्यात जे नाव सगळ्यात वर आलं ते मी रवीला दाखवलं. तो ऑफिसच्या फोनवर होता. फोन कानाला तसाच धरून त्याने बटण दाबलं. आता वर्षभर बांधलेले आहोत, मध्येच सोडलं तर दंड आहे.

आता राहिलं ते कमी जाळणं. ते माझ्या हातात आहे. सगळे बाहेर पडले की मी एसी बंद करतो आणि ते यायच्या वेळेला परत लावतो. दुपारी घर तापतं. तेव्हा मी गॅरेजचं शटर हातभर वर करून तिथे खुर्ची टाकून बसतो. परवा हर्षिता लवकर आली. मला तसं बघून म्हणाली, शेजाऱ्यांना वाटेल आम्ही तुम्हाला गाडीबरोबर ठेवतो. नात संघमित्रा म्हणाली, आजोबा, यू आर सो वीअर्ड. वीअर्ड म्हणजे काय ते मी विचारलं नाही.

थोडं डोकं दुखतं, पण त्याचं काही नाही. वरच्या खोलीला पूर्वेची खिडकी आहे. तुला सकाळचं ऊन आवडतं. खाट भिंतीला लावायची की खिडकीला, ते कळव.

तुझा,
जगन्नाथ


नोव्हाय
२५ मे २००८

चि. जगूस,

मंगलकामना. जयभीम.

गिरीशची नोकरी गेली. घर विकून ते सगळे त्याच्या बायकोच्या भावाकडे जाणार आहेत. तिथे माझी जागा नाही, असं मला कागदावर लिहून दाखवलं, मोठ्या अक्षरात. मला ऐकू येत नाही म्हणून.

नागपूरला रिंगरोडच्या पलीकडे एक वृद्धाश्रम आहे. गिरीशने तिथे एक जागा धरून ठेवली आहे. जुलैअखेर नक्की सांगायचं आहे. तिथे मी कोणालाही ओळखत नाही. ज्यांना ओळखत होते ते सगळे गेले. सरकारी दवाखान्यात जन्मभर आया होते, जगू, लोक कसे एकटे पडून जातात ते मी जवळून पाहिलं आहे. त्यांची तोंडं मी पुसली आहेत. मला भीती वाटते. हे मी तुला पहिल्यांदाच लिहिते आहे आणि पुन्हा लिहिणार नाही.

खाट खिडकीला लाव. आणि मला युनिटं लिहू नकोस, खोलीचं लिही.

वाट बघणारी,
पद्मिनी


फ्रिस्को
२२ जून २००८

आदरणीय ताईस,

जगन्नाथचा सप्रेम जयभीम. वि. वि.

बिल आलं. आधीपेक्षा जास्त आलं. युनिटं कमी जळली आणि पैसे जास्त पडले.

रवीने कंपनीला फोन केला. त्यांनी सांगितलं की ही योजना जास्त वीज लागणाऱ्यांसाठी आहे. हजार युनिटांच्या वर गेलं तर स्वस्त, आत राहिलं तर दर चढतो आणि वर दंड. आम्ही हजाराच्या जरासेच आत राहिलो होतो. मी एसी चालू ठेवून गप्प बसलो असतो तर बिल कमी आलं असतं. ताई, जास्त जाळणाऱ्याला सूट आणि वाचवणाऱ्याला दंड, असं कुठे असतं का?

रविवारी बुद्धवंदनेनंतर सगळ्यांचं जेवण होतं. रवीने तिथे ही गोष्ट सांगितली. चांगली सांगितली, गॅरेजमधल्या खुर्चीसकट. त्याचा मित्र अतुल म्हणाला, "काका, घामही गाळला आणि दंडही भरला, असा माणूस मी पहिल्यांदा बघतोय." लोक इतके हसले की एकीच्या हातातलं वरण सांडलं. आता मला वीजमंत्री म्हणतात. मीही हसलो. ताटातलं संपवलं.

उद्या रवीला सरळ विचारतो, तू सांगितलंस तसं. धीर सोडू नकोस.

तुझा,
जगन्नाथ


फ्रिस्को
२९ जून २००८

प्रिय आत्या,

जयभीम. फोनवर तुला त्रास होतो म्हणून हे पत्र. मला मराठी लिहायची सवय राहिलेली नाही, सांभाळून घे.

बाबांनी तुझ्याबद्दल विचारलं. बिलाचं ते मी गंमतीत म्हणालो होतो, ते एवढं सीरियसली घेतील असं वाटलं नाही. पण हर्षिताने आणि मी नीट विचार केला. दोघांना ठेवणं आम्हाला शक्य नाही, इन्शुरन्स आहे, डॉक्टर आहेत. एकाचं होऊ शकतं. आणि खरं सांगायचं तर तू आलीस तर आम्हाला जास्त बरं पडेल. तू स्वयंपाक करतेस, संघमित्राला वळण लावशील. बाबा दिवसभर बटणं बघत फिरतात, घरात टेन्शन असतं. तेव्हा गिरीशने आश्रमात जी जागा धरली आहे तिथे बाबा जातील आणि तू इकडे ये. गिरीशशी बोललो, त्याला चालेल.

हे मी बाबांना सांगितलं आहे. ते उठून स्वयंपाकघरातला दिवा बंद करून आले. मग म्हणाले, ताईला मीच लिहितो. त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे, लिहायला उशीर करतील, म्हणून मीही कळवतो. लवकर सांग, तिकिटं महाग होताहेत.

तुझा,
रवी


फ्रिस्को
९ जुलै २००८

आदरणीय ताईस,

जगन्नाथचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. हात दुखत होता.

रवीला विचारलं. तो नाही म्हणाला. मी पुष्कळ सांगून पाहिलं, पण त्याचं एकच, बिल वाढलं, आता वरची खोली उघडणं परवडत नाही. दोष माझाच आहे, मी कंपनी चुकीची निवडली. हर्षितालाही वाईट वाटलं. दुसरा काही मार्ग निघतो का ते मी विचारलं, पण काही नाही म्हणाले.

मी रात्रंदिवस विचार केला. मला वाटतं, ताई, नागपूरच तुला बरं. इथे कोणी बोलायला नसतं, आणि तुला तर ऐकूही येत नाही. आश्रमात तुझ्या वयाच्या बायका असतील. आपली भाषा, आपली भाकरी. दीक्षाभूमी जवळ आहे. तू आधीपासून माझ्यापेक्षा धीट. मी तसल्या ठिकाणी आठवडाभरसुद्धा टिकलो नसतो, तुला माहीतच आहे.

जाताना गरम कपडे टाकून देऊ नकोस, डिसेंबरात लागतील. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेव, मोठ्या बॅगेत नको. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा लहान भाऊ,
जगन्नाथ


नागपूर
२१ सप्टेंबर २००८

चि. जगूस,

मंगलकामना. जयभीम.

मी इथे पोचले, त्याला महिना झाला. खोलीत आम्ही चौघी आहोत. एक दिवसभर मुलाला हाका मारते. तेवढ्या हाका मला ऐकू येतात, कारण ती कानाशी येऊन मारते. भाकरी जाड असते. वीज रोज दुपारी जाते, सगळ्यांचीच जाते, निवडायला काही नाही.

तुझा हात आता बरा असेल.

रवीचं पत्र मला तुझ्या आधी पोचलं होतं. त्याच दिवशी मी त्याला उत्तर टाकलं. लिहिलं की जगूला त्या घरातून हलवू नकोस, तो आश्रमात मरेल, मी जाते. माझी खात्री होती की तू मला सगळं खरं लिहिशील, जागा मला देऊ करशील, आणि मग मी तुला शिव्या घालून नाही म्हणेन. ते पत्र मी मनात तयार करून ठेवलं होतं. चांगलं होतं. तू रडला असतास.

मग तुझं पत्र आलं.

तू मला काय लिहिलंस ते रवीला बोलू नकोस. मीही नाही बोलले. तुला मी लहानपणी बऱ्याच वेळा मारापासून वाचवलं, त्यात हे एक धर. गोळ्या मोठ्या बॅगेत ठेवल्या होत्या. बॅग दोन दिवस उशिरा आली.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते.

पद्मिनी


फ्रिस्को
१९ ऑक्टोबर २००८

आदरणीय ताईस,

जगन्नाथचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. वाचलं. तब्येत जप. वीज जाते तेव्हा जिन्यावर जाऊ नकोस, भिंतीला धरून बस. पंख्याखालची खाट मागून घे.

इथे मी बरा आहे. रवी हल्ली माझ्याशी बरं बोलतो. मधे एकदा म्हणाला, आत्याचं मन मोठं आहे. मी हो म्हणालो.

आता थंडी पडायला लागली. दिवसा एसीची गरज राहिलेली नाही, त्यामुळे वीज कमी जळते, आणि हजार युनिटांच्या आत राहिलं की पुन्हा दंड. वर्ष संपेपर्यंत कंपनी सोडता येत नाही. म्हणून रवीने मला काम दिलं आहे. मीटर बघायचं आणि महिना संपता संपता युनिटं कमी पडत असली तर काहीतरी चालू ठेवायचं. खालचा एसी लावला तर सगळ्यांना गारठा होतो.

म्हणून वरच्या खोलीतला लावतो. सकाळी लावतो तो संध्याकाळपर्यंत चालू असतो. दार बंद ठेवतो, गारवा बाहेर जाऊ नये म्हणून. खाट खिडकीलाच आहे.

पत्राची वाट बघतो.

तुझा,
जगन्नाथ