कोंबडीच्या डोक्याबाबतचा माझा खोटा जबाब रद्द करणेबाबत

दिनांक : १६ एप्रिल २०१८

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
वंशभेद तक्रार कक्ष,
कौलून, हाँगकाँग.

विषय : श्रीमती इनीमाया चेम्जोंग यांच्या तक्रारीत मी दिलेला खोटा जबाब रद्द करून खरा जबाब नोंदवून घेणेबाबत.

संदर्भ : १) माझा दि. २० मार्चचा जबाब.
२) पुराव्याअभावी सदर तक्रार दि. २० एप्रिल रोजी बंद करण्यात येईल, असे कळवणारे आपले पत्र.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज करतो की, मी, हर्कजंग पुन, वय ४७, राहणार जॉर्डन (कौलून), नॉर्थ पॉइंट येथील एका चहागृहात अकरा वर्षे नोकरीस असून सध्या वाढप्यांचा कॅप्टन आहे. शिवाय गेली चार वर्षे दर रविवारी आमच्या नेपाळी मंडळाच्या सभागृहात आपल्या कक्षाच्या मदतीने वर्ग घेतो. कामाच्या ठिकाणी वंशावरून, रंगावरून अन्याय झाल्यास कायदा काय म्हणतो, तक्रार कुठे करावी, साक्षीदार कसा नोंदवावा, हे मी शिकवतो. वर्गात सगळे मला 'दाइ' म्हणतात, म्हणजे थोरला भाऊ. ओळख देणे भाग आहे म्हणून हे लिहितो.

१. तक्रारदार आमच्याकडे डिमसमच्या टोपल्यांची गाडी फिरवत असत. कामात कसूर नव्हती. जानेवारीत काही गिऱ्हाइकांनी काळे हात टोपलीपासून लांब ठेवा, असे सुनावले. मालक श्री. मॅक यांनी तक्रारदारांना मागे भांडी घासायला बसवले. पुढे मला बोलावून म्हणाले, "बाई कामाची आहे, मी नाही कुठे म्हणतो? पण तिच्याकडे बघून गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं, त्याला मी काय करू? आपल्या चिनी वर्षअखेरीपर्यंत मोकळी कर. तुझ्याच देशाची ना? तूच सांग. नाहीतर राहू दे, कोंबडीच सांगेल."

२. आपणास रीत ठाऊक असणारच, तरी कागदावर यावी म्हणून लिहितो. चिनी नववर्षाआधी मालक देतो त्या जेवणात अख्खी कोंबडी ठेवतात आणि तिचे डोके ज्याच्याकडे वळवतात त्याची नोकरी गेली असे समजायचे. आता हे बहुतेक ठिकाणी थट्टेवारी नेतात, कोणी डोके मालकाकडेच वळवून ठेवतात. आमच्या मालकांनी मात्र थट्टा केली नव्हती. दि. ११ फेब्रुवारीस त्यांनी मला डोळ्याने खुणावले आणि मी टेबलावरची फिरती तबकडी फिरवली. डोके तक्रारदारांसमोर आणून थांबवले. वर तेच डोके उचलून माझ्या हाताने त्यांच्या वाडग्यात वाढले.

३. महोदया, इथे मला लाज वाटते ती कशी लिहावी कळत नाही. तक्रारदारांच्या माहेरी, पूर्व नेपाळच्या डोंगरात, कोंबडीचे डोके पंक्तीतल्या मानाच्या माणसाला वाढतात. हे मला माहीत होते. टेबलावरच्या बाकी कोणाला नव्हते. भांडी घासणाऱ्या बाईला मालकाच्या टेबलावर मान मिळाला, असे समजून त्या उठल्या, दोन्ही हातांनी वाडगा कपाळाला लावला आणि मोडक्यातोडक्या कँटोनीजमध्ये सगळ्यांचे आभार मानले. टेबलावर हशा पिकला. त्याही हसल्या. मी गप्प बसलो.

४. दुसऱ्या दिवशी त्या वेळेवर हजर. मला म्हणाल्या, "दाइ, माझं हजेरीचं कार्ड लागत नाहीये बघा. मशीन बिघडलं वाटतं."
मी म्हणालो, "मशीन ठीक आहे. काल तुला सांगितलं ना."
"काल? काल तर किती मान केला माझा! घरी पोरीलाही सांगितलं मी."
 घरी जा, फोन करतो, एवढे म्हणून मी आत पळालो. फोन केला नाही. पोर चिनी शाळेत शिकते. कोंबडीचा अर्थ आईला शेवटी तिने सांगितला. पोरीच्या तोंडून कळावे, अशी वेळ मी त्या माउलीवर आणली.

५. त्यांनी मी शिकवल्याप्रमाणे तक्रार केली आणि साक्षीदार म्हणून माझे नाव दिले, "हर्क दाइ, जे आम्हाला कायदा शिकवतात." आपल्या कार्यालयात मी जबाब दिला की बाई स्वखुशीने गेल्या, कोंबडी ही थट्टा होती, त्यांनी स्वतः हात जोडून आभार मानले. त्यांचे अज्ञान मी त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरले. आपल्या पत्रात माझे तेच वाक्य अवतरणात आहे. ते वाचले आणि जेवण गेले नाही.

असे का केले? कॅप्टनचे जाकीट आमच्या लोकांपैकी पहिल्यांदा माझ्या अंगावर आले म्हणून. दुसरे कारण नाही. मालकांनी धमकी दिलेली नाही, उगाच त्यांच्यावर ढकलत नाही.

६. काल रविवारी त्या वर्गात आल्या. माझा जबाब गुप्त असल्याने त्यांना काही कल्पना नव्हती. अकबरे मिरचीचे लोणचे घेऊन आल्या होत्या. "दाइ, तुम्ही साक्ष दिलीत, तुमचे उपकार कसे फेडू?" म्हणाल्या. मग मात्र मी जबाबाची प्रत काढली. तेवीस माणसांसमोर मी माझा जबाब नेपाळीत वाचून दाखवला. कोणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरे झाले असते. मागच्या बाकावरचा एक म्हातारा फौजी एवढेच म्हणाला, "पुन, खाली बस."

तरी विनंती की,
(अ) माझा दि. २० मार्चचा जबाब खोटा म्हणून रद्द करावा. त्याची जी शिक्षा असेल ती मान्य आहे.
(आ) वरील मजकूर माझा खरा जबाब समजून तक्रार बंद करू नये. मी श्री. मॅक यांच्या समोरासमोर बसून हेच सांगेन.
(इ) आपल्या पत्रकावर 'आपले हक्क ओळखा' या ओळीखाली माझा फोटो आहे, तो कृपया काढावा. वर्ग बंद पडू देऊ नये. शिकवायला दुसरे कोणी द्यावे.

परिच्छेद ३ मध्ये एक गोष्ट राहिली आहे. राहिली नाही, मी टाळली. हशा पिकला तेव्हा मी गप्प बसलो, असे लिहिले आहे. ते खरे नाही. मीही हसलो, मालकांकडे बघून, मोठ्याने. काल सगळे निघून गेल्यावर श्रीमती इनीमाया दाराशी थांबल्या आणि म्हणाल्या, "दाइ, तुम्ही हसलात ना, तेव्हा मला वाटलं, एवढ्या लोकांत माझं कौतुक वाटणारं आपलं एक तरी माणूस आहे."

हे वाक्य त्यांच्याच शब्दांत नोंदवून घ्यावे, ही विनंती.

आपला,
नम्र लिहायला धजत नसलेला,
(सही)
हर्कजंग पुन

सोबत :
१) दि. २० मार्चच्या जबाबाची प्रत.
२) त्याचे नेपाळी भाषांतर, काल वाचलेले.
३) दि. ११ फेब्रुवारीच्या जेवणाचा फोटो. तबकडीवरचा हात माझा आहे.