दाराशी ठेवलेले स्नो-बूट

मंगळवार, नोव्हेंबर. सस्काटून, कॅनडा.

तिकडे अमेरिकेत मतमोजणी सुरू झाली आणि इथे मला मराठी मंडळातल्या लोकांचे फोनवर फोन. जन्मभर स्टॅटिस्टिक्स शिकवलं ना, मग राष्ट्राध्यक्ष कोण होणार ते मीच सांगायचं! सगळ्यांना म्हटलं, फिफ्टी-फिफ्टी. खोटं नाही ते. पण पूर्ण खरं?

बर्फ इतका हळू पडतोय की आपलं घरच अलगद वर चाललंय असं वाटतं. परवा मिशिगनहून नेहा म्हणाली, "आई, तो जिंकला तर आरवला घेऊन आय ॲम कमिंग होम. फॉर गुड." तेव्हापासून नातवाचा चेहरा आणि तिचे बेसमेंटमधले स्नो-बूट सारखे डोळ्यांसमोर येतात. जो माणूस मला टीव्हीवरसुद्धा बघवत नाही, त्याचा एकेक आकडा वाढला की आज बरं वाटतंय. विद्यार्थ्याने असं केलं असतं तर नापास केलं असतं मी.

शेवटी बूट वर आणले, पुसले, दाराशी ठेवले. वेडेपणा, दुसरं काय.

हे टीव्हीसमोर होते. बुटांकडे पाहिलं. मग उठले, स्वतःचे बूट बाजूला सरकवले आणि नेहाच्या बुटांशेजारी आरवच्या बुटांपुरती जागा केली.