नावाआधीचं ‘कै.’

चौसाळा

ती. गंगासागरअक्काच्या चरणी धाकट्या चन्नप्पाचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? आष्टीची थंडी बाधत नाही ना? मी इथं खुशाल आहे. (हे वाक्य या खेपेला दोनदा वाच. फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून पत्र.)

तुझी भावजय रुद्राणी गेल्यापासून मी फेसबुकवर काहीबाही लिहितो, हे तुला ठाऊक नसेल. एकट्यापुरतं वरण करायला जावं तर चौघांचं होतं, यावर मी एक लेख लिहिला. तो बीडच्या एका साप्ताहिकानं जसाच्या तसा छापला आणि खाली टाकलं, ‘समाजमाध्यमावरून साभार – एक गृहिणी’. दुकान बंद करून (गिऱ्हाईक तसंही नव्हतं) मी बीड गाठलं. संपादक बद्रीनाथ माणूस भला, आधी चहा पाजला. म्हणाला, “काका, लई हळवं लिवलंय. आमाला वाटलं, बाईमाणूसच असंल. फिरत फिरत आलं, नाव कुठं होतं त्याला?” मी म्हणालो, “शोधायचं होतं की. माझं दुःख हाय ते, दुसऱ्याच्या नावावर कावून?” त्यानं पुढच्या अंकात नाव छापायचं कबूल केलं.

छापलं. ‘सदर लेखाचे लेखक चौसाळ्याचे कै. चन्नप्पा.’ लेख कै. रुद्राणीच्या आठवणीत, असं मी कागदावर लिहून दिलं होतं. ती गळाली आणि तिचं ‘कै.’ मला चिकटलं.

सकाळीच शिरूर कासारचे अर्जुनराव हार घेऊन दारात. मी ओट्यावर लसूण सोलत बसलेलो. हार पाठीमागं धरून म्हणाले, “लेख लई चांगला होता.” मग बसले, जेवूनच गेले. दिवसभर माणसं येत राहिली. रुद्राणीच्या वेळी ज्यांना जमलं नव्हतं, तीही आली. त्या दिवशी वरण कमी पडलं, अक्का.

हैदराबादहून पोराचा, वीरेशचा फोन आला. “अण्णा, तुमीच बोलताय ना?” एवढं दोनदा विचारलं. मग पोटभर बोलला. (एरवी तो मीटिंगमध्ये असतो.)

तुझा,
चन्नप्पा

ता. क. – बद्रीनाथ लई ओशाळलाय. येत्या अंकात खुलासा छापतो म्हणाला. मी म्हटलं, घाई न्हाई, सावकाश छापा.

आणखी एक ता. क. – तो अंक आष्टीला पोचला असला तर रडू नकोस, पोचला नसला तरी ये. आणि मी जिवंत दिसलो म्हणून लगेच परत फिरू नकोस.