रंभेचं रक्त

पानशेत

प्रिय नलू,

तुझी सई कांजिण्यांतून उठली, दवाखान्यातून किकवीला घरी आली, हे तुझ्या सासूबाईंनी फोनवर सांगितलं. जीव भांड्यात पडला. मिरवणुकांतून सोडवून इथे आणलेल्या हत्तींची मी डॉक्टरीण, तेव्हा माझ्याकडच्या बातम्याही हत्तींच्याच असणार. नाक मुरडू नकोस.

आमच्या रंभा हत्तिणीचं पिल्लू, गोट्या, अचानक खाईना झालं. स्वयंपाकाच्या ठकुबाई नाचणीचे गोळे घेऊन त्याच्या मागे मागे. "खा की रं लेकरा, तुज्यापायी म्याबी न्हाई जेवले." तोंड उघडून पाहिलं तर जीभ जांभळी! ही हत्तींच्या एका विषाणूची खूण. हा विषाणू मोठ्या हत्तींच्या अंगात निमूट राहतो, पिल्लांना मात्र बघता बघता नेतो. कांजिण्यांच्याच कुळातला आहे मेला.

तपासणीत दिसलं की तो रंभेच्या सोंडेतूनच आला असणार, लेकराला कुरवाळताना. मी तिला ओढ्यापलीकडे बांधायला लावलं. गोट्याने पाणीही सोडलं. पलीकडे ती अशी घुमायची की माझ्या छातीत धडधड व्हायची. औषधं चालू होती, पण पोर खचतच चाललं. शेवटचा उपाय एकच होता, हा रोग पचवलेल्या मोठ्या हत्तीच्या रक्तातला पिवळा द्रव त्याला देणं. सगळ्यांचं रक्त तपासलं. सगळ्यांत चांगलं निघालं रंभेचंच.

तिला परत आणलं. कानामागच्या शिरेत सुई घातली. माहूत भिमा साखळी धरून उभा, पण साखळीची गरजच पडली नाही. पिशव्या भरेपर्यंत त्या धिप्पाड बाईने कानसुद्धा हलवला नाही. सोंड तेवढी लेकराच्या तोंडात. नलू, मी थक्क झाले गं. ज्या अंगातून दुखणं आलं, त्याच अंगात त्याचा उताराही होता, आणि मी तिलाच लांब बांधून ठेवलं होतं! माझे हात आपोआप जोडले गेले. भिमा म्हणाला, "ताई, आता हिला हितनं हलवू नगा." नाही हलवली. तो द्रव चढवल्यावर काही दिवसांनी गोट्या तिच्याच पोटाखाली शिरून दूध प्यायला लागला.

सासूबाई आणखी एक बोलल्या. कांजिण्या आधी तुला आल्या, तुझ्यामुळे पोरीला झाल्या, म्हणून तू सईला जवळच घेत नाहीस. दूध वाटीत काढून देतेस आणि दारातूनच बघतेस. अगं, दोघींच्या खपल्या पडून गेल्या, डॉक्टरांनी केव्हाच हो म्हटलंय. हे पत्र ठेव बाजूला, आत जा आणि उचल तिला.

तुझीच,
मिताली