खिंडीखालचं दुसरं वळण

प्रिय अनाक्लेतो,

तेओफिलोच्या ट्रकमधून हे पत्र आणि सोबत एक पिशवी पाठवते आहे. पिशवीत वर यंदाचा चुन्यो आहे, आपलेच बटाटे, आपल्याच अंगणात दंवात गोठवलेले, माझ्याच पायांनी तुडवून वाळवलेले. पण पिशवी आधी उघडू नकोस. आधी पत्र वाच, शेवटपर्यंत. लहानपणी सूप समोर आलं की तू आधी तळाचा मांसाचा तुकडा शोधायचास, तसं इथं करू नकोस. ट्रक उद्या पहाटे निघेल, शुक्रवारी संध्याकाळी तुझ्या वीटभट्टीवर पोचेल. त्याच रात्रीची बस धरलीस तर शनिवारी अंधार पडायच्या आत तू गावात असशील. रविवारी सभा आहे. आणि सोमवारी तू सोन्याच्या खाणीत उतरणार आहेस, हे मला कळलं आहे.

तेओफिलो काही हातचं राखून बोलणारा नाही. आल्या आल्या म्हणाला, "तुझा भाऊ वाळून काटकी झालाय गं. फोन विकला. खाणवाल्याकडे नाव लिहून आला. मी म्हटलं, अरे, तिथून माणसं फुप्फुसं गमावून येतात, नाहीतर येतच नाहीत. तर म्हणतो, बरंच की मग." मी उठून चुलीशी गेले, लाकडं उगाच मागेपुढे केली. त्याला वाटलं मला धूर लागला. मग तो हळूच म्हणाला, "आणखी एक बोलला तो. म्हणाला, तेओ, आता मलाच वाटायला लागलंय की तो दगड मीच ठेवला असेन. धुकं होतं, डोकं ठिकाणावर नव्हतं. ठेवला असेन आणि विसरलो असेन. अख्खं गाव खोटं कसं बोलेल?" अनाक्लेतो, वर्षभर लोक तुझ्याबद्दल काय काय बोलले ते मी ऐकून घेतलं. पण तू स्वतः असं बोलतोस हे मला सोसवत नाही.

सभेचं तुला कळलं असेलच. मेल्कियादेस काकांनी सांगून टाकलंय, "जो वर्षभर आपल्या पाळीला येत नाही आणि केलेलं कबूल करत नाही, त्याचं नाव पाळीतून काढायचं." एकदा नाव गेलं की घोडे घेऊन तुला डोंगर बघायला येणाऱ्या पाहुण्यांबरोबर कधीच जाता येणार नाही. तू नाही, तुझी पोरं नाहीत. आणि काका बोलले की ती काळ्या दगडावरची रेघ, तुला माहीत आहे.

घरचं म्हणशील तर नेली सात वर्षांची झाली. पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे "मामा कधी येणार" म्हणताना शिट्टी वाजते. तुझ्या चास्का घोडीला शिंगरू झालं, कपाळावर आईसारखाच पांढरा ठिपका. पाहुणे यायला लागले आहेत. अंगणात तोच नकाशा पसरतो, त्याच दोन रेघा, निळी तळ्यांवरून जाणारी आणि लाल खिंडीवरून जाणारी. तू म्हणायचास, पाहुण्याची वाट त्याच्या तोंडाला विचारू नये, त्याच्या बुटांना विचारावी, आणि पहिल्या दिवशी तो सूप किती पितो ते बघावं. परवा एक जण कोरेकरकरीत बूट घालून आला, दोन घोट घेऊन वाटी सारली आणि लाल रेघेवर बोट ठेवून बसला. मी गोड बोलून त्याला तळ्यांवर धाडलं. आता मी सगळ्यांनाच तळ्यांवर धाडते. बाया चिडवतात, "बासिलिया, तुझ्यापायी आपले घोडे खिंडीची वाट विसरतील." मी म्हणते, विसरू देत.

गेल्या जूनमधल्या त्या चार पाहुण्यांनी लाल रेघ आपणहून निवडली असं तू अजून समजतोस. तू तेव्हा घोड्यांना पाणी दाखवायला गेला होतास. त्यांच्यातल्या उंच बाईचं बोट निळ्या रेघेवरच होतं. तिनं मला विचारलं, "यातली सुंदर कुठली?" मी म्हटलं, खाली तळी आहेत, वर आभाळ आहे. आणि वर हेही म्हटलं की माझा भाऊ ती खिंड डोळे मिटून पार करतो. तू तर सहा वर्षांत तिकडे फिरकला नव्हतास. मोरो घोडा तुझ्या हातातला दोर हिसकून दरीत गेला तेव्हापासून नाही. तू परत आलास तेव्हा लाल रेघ ठरली होती. तुझा चेहरा उतरलेला मी पाहिला, आणि मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

का केलं असं विचारशील. ते तुला बदक म्हणायचे म्हणून. तळ्यावरचं बदक, खिंड दिसली की पंख मिटतं. काकांच्या मुलीच्या लग्नात तू नाचायला उठलास आणि अर्धं गाव क्वॅक क्वॅक करायला लागलं. तूही हसलास, दोन गिरक्या घेतल्यास आणि मग घरामागे जाऊन दगडी कुंपणाला टेकून बसलास. तुला वाटलं कुणी पाहिलं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. कासिमिरो मात्र म्हणाला, "राहू दे गं. बदक तर बदक. बदकं बुडत नाहीत." माझ्या नवऱ्याला तुझी काळजी माझ्यापेक्षा जास्त कळत होती, हे मला फार उशिरा कळलं.

पुढचं तू सभेत दहादा सांगितलंस आणि कुणी ऐकलं नाही. मी आज ते पुन्हा लिहिते, कारण ते सगळं खरं आहे आणि कुणीतरी ते तुला खरं म्हणून सांगायला हवं. आदल्या रात्री एक घोडी दोर तोडून पळाली. तिला शोधायला कासिमिरो मागे राहिला, तंबू आणि सामानाचे घोडे त्याच्याकडे. तो तुला म्हणाला, "तू पाहुण्यांना घेऊन हो पुढे, मी दुपारपर्यंत गाठतो." खिंड दोन वळणांवर असताना धुकं उतरलं, मग बर्फ. तू चौघांना घेऊन मागे फिरलास आणि ओढ्याच्या अंगानं गुराख्यांच्या खोपटात नेलंस. चौघं जिवंत राहिली. फाट्यावर तू खुणेला काठी रोवलीस, ती बर्फानं गिळली. पण तुझा भरवसा काठीवर नव्हताच. आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे की घरून नेलेला दगड, घरचा दोरा बांधून, खिंड ओलांडताना तिथल्या ढिगावर ठेवायचा. मागून येणारा ढीग बघतो. पुढच्याचा ताजा दगड दिसला तर तो पार गेला, नाही दिसला तर तो अलीकडेच आहे, मागे फिर. तू सभेत म्हणालास, "मी ढिगावर दगड ठेवलाच नव्हता. दाजी खिंडीत येतील, माझा दगड दिसणार नाही, आणि ते फिरतील, अशी माझी खात्री होती." लोक हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

कारण कासिमिरोला दगड दिसला. तुझ्या खुणेच्या, पिवळ्या पिळाच्या दोऱ्याचा. त्याला वाटलं तुम्ही पार गेलात, पलीकडच्या बर्फात, तंबूशिवाय. तो घोडे घेऊन तसाच उतरत गेला, आणि तिसऱ्या दिवशी कड्याखाली सापडला. मेल्कियादेस काकांनी तो दगड आपल्या टोपीतून खाली आणला आणि सभेत तुझ्या पायाशी ठेवला. "हा दोरा कुणाचा? पार गेलास, घाबरलास, परत पळालास, आणि मागच्याला सांगायला थांबला नाहीस. कबूल कर आणि मोकळा हो." तू म्हणालास की तुझा दगड तू जिथून फिरलास तिथेच सोडलास, रीतीप्रमाणे, दुसऱ्या वळणावर, चिरलेल्या खडकामागे. तिथं तर मांडीएवढा बर्फ होता. मग तू बायकांच्या रांगेकडे वळलास आणि मला विचारलंस, "ताई, तूच सांग. हा दोरा तू मला दिलेला आहे का?" मी म्हणाले, "दोरा माझाच आहे." एवढंच म्हणाले. मग तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. विधवा बाई, तिला आणखी कोण विचारणार? सगळ्यांनी मान हलवली आणि तुझ्याकडे पाठ फिरवली. तू माझ्याकडे बघत होतास. तुला वाटलं मी नवऱ्यासाठी रडते आहे.

पाचव्या दिवशी रीतीप्रमाणे नदीवर त्याचे कपडे धुतले. कमरेच्या थैलीत त्याचा स्वतःचा दगड निघाला, दोऱ्यासकट. ढिगावर ठेवायलासुद्धा तो थांबला नव्हता, इतकी त्याला तुमची घाई. तो दगड मी कुणाला दाखवला नाही. उशाशी ठेवून झोपते. नेलीला वाटतं बाबांची आठवण म्हणून ठेवला आहे.

पंधरा दिवसांपूर्वी मी खिंडीकडे गेले. यंदा बर्फ कमी आहे. अल्पाका चारायचं निमित्त केलं, दुसऱ्या वळणावर त्यांना सोडलं आणि चिरलेल्या खडकामागे दोन्ही हातांनी खडी उपसत बसले. नखं फुटली. दुपार कलली. मनात एकीकडे वाटत होतं, काही सापडू नये. काही नाही सापडलं तर काकांचंच खरं म्हणता येईल, आणि मला आयुष्यभर गप्प राहता येईल. बघ, तुझी बहीण कुठल्या थराला गेली होती ते. मग हाताला लोकरीचा दोरा लागला.

अनाक्लेतो, तो खिंडीतला दगड मी ठेवला. तुम्ही निघायच्या तीन दिवस आधी अल्पाका घेऊन वर गेले होते, तेव्हा. चालण्याआधी दगड ठेवू नये, आई किती वेळा सांगायची. पण मला वाटलं, आपल्या औसांगाते पर्वतदेवानं तुला आधीच पार झालेला धरावं, म्हणजे खिंडीत तुझे पाय लटपटणार नाहीत आणि परत कुणी तुला बदक म्हणणार नाही. तुला सांगितलं असतं तर तू चिडला असतास, म्हणून बोलले नाही. निघायच्या आदल्या दिवशी तू दोरा मागितलास तेव्हाही बोलले नाही, त्याच गुंडीचा दुसरा तुकडा तोडून दिला. माझ्या नवऱ्याला मी मारलं आणि तुला त्या पापाखाली गाडलं, आणि वर्षभर रोज सकाळी उठून चूल पेटवली. क्षमा मागायचं तोंड मला नाही. रविवारी मी सभेत उभी राहणार आहे, तू आलास तरी आणि नाही आलास तरी. कासिमिरोचा दगड हातात घेऊन सगळं सांगणार आहे. मग गावानं मला ठेवावं की हाकलावं, नेलीनं मला आई म्हणावं की नाही, ते पुढचं पुढे. पण माझ्या तोंडून गावाला कळायच्या आधी ते तुला कळायला हवं होतं, आणि तू त्या खाणीत उतरायच्या आधी. आता पिशवी उघड. चुन्योच्या खाली हात घाल. पिवळा पीळ उडून पांढरा पडला आहे, पण गाठ तुझीच आहे, डावखुरी. तू काही विसरला नव्हतास. तू सांगितलंस तिथेच होता तो.

तो दोरा वळणारी, तुझीच ताई,
बासिलिया