केबिन नंबर चार

दि. ६ जुलै २००४, मंगळवार

मेले! माझे पंधराच्या पंधरा गडी मेले. गड गेला. दोन वर्षं 'वणवा' नाव घेऊन खेळले, किल्लेदार झाले, अन् आज पाच मिनिटांत सगळं मातीत. करणाऱ्याचं नाव डोमकावळा. त्याला सोडणार न्हाई. इथं लिहून ठेवते — सोडणार न्हाई!

नेटवरच्या या खेळात चित्र एक न्हाई. काळ्या पडद्यावर नुसत्या इंग्रजी ओळी येतात — समोर दार आहे, दारात शत्रू आहे. आपण टाइप करायचं: मार, पळ, उत्तरेला जा. ओळ वाचता आली न्हाई की संपलं. आज चहा पिऊन येऊन बसले तर डोमकावळा दारात अन् माझ्या पडद्यावरचं इंग्रजीच गायब! 'नॉर्थ'च्या जागी 'दवतजी'. 'किल'च्या जागी 'ापसस'. मी वेड्यासारख्या कळा बडवत राहिले अन् तिकडं माझी माणसं एकेक करून पडली.

जेवण गेलं न्हाई. आई म्हणाली, कोण मेलं? काय सांगू तिला.

७ जुलै

सापडलं. खेळाच्या सेटिंगमध्ये कुणीतरी आमचा अर्ज टाइप करायचा मराठी फॉन्ट लावून ठेवला होता. अक्षरं इंग्रजीच येत होती, दिसत होती मराठी. फॉन्ट बदलला, एका मिनिटात ठीक. म्हणजे हा बिघाड न्हाई. कुणीतरी मुद्दाम केलंय.

हिंगोलीच्या तहसीलसमोरचं भीमसिंगशेठचं दुकान. बाहेर टायपिंगसाठी कॉम्प्युटरच्या दोन मशिनी, एक माझी, एक माझ्या जोडीच्या टायपिस्ट पल्लवीची. आत प्लायवूडच्या चार केबिन, नेटसाठी. बाहेरचा माणूस माझ्या मशीनला हात लावतो कसा? पल्लवीला विचारलं. ती म्हणाली, काल तू चहाला गेलीस तवा सोमेश्वर बसला होता तुझ्या खुर्चीवर, निकाल पाहायचा म्हणून.

सोमेश्वर! सेनगावच्या बड्या शेतकऱ्याचं पोरगं. जीपनं येतो, चार नंबरच्या केबिनमध्ये तासन्‌तास बसतो. मला 'टायपिस्ट बाई' म्हणतो.

९ जुलै

खेळ चालवणाऱ्यांना पत्र टाकलं होतं. उत्तर आलं. डोमकावळा अन् मी नेटच्या एकाच पत्त्यावरून येतो म्हणे. म्हणजे आमच्याच दुकानातून. अजून काय पुरावा पायजे?

काहून त्याला माझा गड पायजे होता? घरची जमीन कमी पडली का? इथं मी कोण, तर 'ओ बाई, दाखल्याचा अर्ज लवकर काढा.' तिथं पुण्याची, अमेरिकेतली माणसं मला विचारून पाऊल टाकायची. दोन वर्षांत एकानं माझं आडनाव विचारलं न्हाई. तेवढी एकच जागा होती माझी. तीसुद्धा बघवली न्हाई मेल्याला.

१२ जुलै

सगळा प्रोग्रॅम काढून नव्यानं टाकला. आता नवीच तकलीफ — प्रत्येक ओळीच्या आधी चौकोनी कंस, आकडे अन् शेवटी एम. दुपारभर डोकं फोडलं. मग उमगलं, त्या रंगाच्या खुणा आहेत. रक्त लाल दाखवा, पाणी निळं दाखवा, असा हुकूम. प्रोग्रॅमला हुकूम कळत न्हाई म्हणून तो तसाच छापून मोकळा होतो. सेटिंगमध्ये रंग चालू केले अन् पडदा कसा लखलखीत झाला! नकाशाची घरंही तिरपी दिसत होती. सगळी अक्षरं सारख्या रुंदीची असतात तो फॉन्ट लावला, नकाशा सरळ.

मधेच सिद्धेश्वर गावची सखुबाई तिसऱ्यांदा आली. नातवाचं वसतिगृह, उत्पन्नाचा दाखला, उद्या शेवटची तारीख. मी म्हणलं, बसा जरा. ती बसली ती बसलीच. शेवटी पल्लवीनं करून दिला तिचा अर्ज. शहाणी पोरगी आहे. माझा गठ्ठा न सांगता ओढून घेते, कुरकुर न्हाई. मागल्या वर्षी तिला खेळ शिकायचा होता. दोन दिवस शिकवला. मग मीच म्हणलं, राहू दे, तुला न्हाई झेपायचा.

१४ जुलै

डोमकावळ्याला आव्हान टाकलं. एकास एक. हरेल त्याचं नाव खेळातून कायमचं पुसायचं.

त्याचं उत्तर दोन शब्दांचं — रविवारी, अकराला.

१७ जुलै, शनिवार

केबिन नंबर चार. झाडून घेते म्हणून आत गेले अन् तिथल्या खेळाला तोच मराठी फॉन्ट लावून आले. वाच लेका आता 'दवतजी'!

मला स्वतःला तसला पडदा थोडाफार वाचता येतो. कोणता आकार कोणत्या कळीवर, हे टायपिंगच्या बोटांना पाठ असतं. 'ा' दिसला की तिथं इंग्रजी 'के', 'र' दिसला की 'जे'. पण फार हळू जमतं. अन् सोमेश्वर तर दोन बोटांनी टाइप करतो. त्याला काय कपाळ कळणार! पाच मिनिटं पण टिकायचा न्हाई. मी त्याला एकदम मारणार न्हाई. आधी चाचपडू देणार. माझे पंधरा गडी चाचपडले तसं.

आज पोटभर जेवले.

१८ जुलै, रविवार

हरले.

भीमसिंगशेठ रविवारी दुकान आमच्यावर टाकून तांड्यावर जातात. तहसील बंद, गिऱ्हाईक न्हाई. मी एक नंबरच्या केबिनमध्ये दार लावून बसले. अकराला पाच कमी असताना चार नंबरची कडी वाजली. आला सोमेश्वर!

अकराला डोमकावळा आला. वाटलं, आता भिंतीला धडकेल. तो सरळ चालत आला. मी वार केला, त्यानं चुकवला. मी उत्तरेला पळाले, तो उत्तरेला. माझी एक ओळ टाइप होईस्तोवर त्याच्या तीन येत होत्या. एकदा, एकदाच जरी अडखळला असता! सात मिनिटांत पडद्यावर आलं, वणवा नावाचा खेळाडू आता नाही.

उठले ती थेट चार नंबरवर, सोमेश्वरचं नरडं धरायला. केबिन रिकामी. पडद्यावर तसंच सगळं 'दवतजी, ापसस'. कुणी फॉन्ट बदललाच न्हाई. तसल्या पडद्यावर तो लढला कसा?

मागं आवाज आला, "टायपिस्ट बाई, लाइट हाय का?" सोमेश्वर दारात उभा. जीप चालूच, अंगभर धूळ. तो आत्ता येऊन राहिला होता.

१९ जुलै

हिंगोलीत तसला पडदा झरझर वाचणारं माणूस कोण, हे रात्रीच कळलं होतं. तरी सकाळी विचारलं, डोमकावळा तूच ना?

पल्लवीनं टायपिंग थांबवलं न्हाई. मान वर न करता म्हणाली, "दोन वरसं तुझे अन् माझे दोघींचे अर्ज मी एकटी टाइप करून राहिले, करुणा. हात बसला."

मग माझा गठ्ठा उचलून माझ्या टेबलावर ठेवला. बाकड्यावर माणसं बसली होती. मी पहिला अर्ज घेतला.