मागचा कप्पा

४ तारीख, मंगळवार

ती. ताईस सा. न. वि. वि.

काल दुपारी तिने माझं विमान पाण्याच्या बादलीत सोडलं आणि त्या क्षणापासून माझं काही खरं राहिलेलं नाही. ती म्हणजे तीच गं, तळ्याच्या धक्क्यावरची मेकॅनिक, जिच्यापायी मागच्या पत्रात मी चार पानं खर्ची घातली.

विमान म्हणजे आमच्या मॉडेलच्या दुकानाचं किट, सुटे भाग जोडून करायचं छोटं विमान. प्लास्टिकचा पातळ पत्रा तापवून लाकडी साच्यावर टाकायचा. खालून पंपाने हवा ओढली की पत्रा साच्याला घट्ट चिकटतो. मग त्यावर उठलेले अर्धे अर्धे भाग कापायचे, पॉलिशपेपरवर घासायचे, जोडायचे. कॉलेज सोडल्यापासून मी हेच करतो. हे विमान पाण्यावर उतरणारं, जुन्या काळातलं. चाकांच्या जागी दोन लांबट होड्या, त्यांना फ्लोट म्हणतात. तिच्याकडचं खरं विमान मापून मालकांनी साचा केला आणि पहिलं मी जोडून, रंगवून तिला भेट द्यायला नेलं. कौतुक राहिलं बाजूला, तिने बादली पुढ्यात ओढली. विमान जरा वेळ तरंगलं, मग एक फ्लोट भरला आणि बिचारं कुशीवर आडवं झालं. तिचा पायलट, तो मिशाळ म्हातारा, खो खो हसला. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो की मॉडेल तरंगायला नसतंच, आणि खऱ्यात बसायची वेळ आली तर मी डोळे मिटून बसेन. म्हातारा म्हणाला, मग रविवारी बस.

ताई, रविवारी ते विमान उत्तरेच्या मोठ्या तळ्यावर जातंय आणि हंगामभर तीही तिथेच राहणार. एक जागा रिकामी आहे. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, की तिथे कामाला माणूस लागतोच, तू आलास तर मला आवडेल, नाही आलास तर पुन्हा विचारणार नाही. मी छाती फुगवून हो म्हणालो. पोहता येतं का, असंही तिने विचारलं. त्यालाही हो म्हणालो.

नंतर कोणी बघत नाही असं पाहून खऱ्या विमानाच्या पंखावर टिचकी मारली. कापड आहे, ताई. रंग लावून ताणलेलं कापड!

बाबांना कळू देऊ नकोस. लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवणं तुझ्या हातात.

तुझा,
तडतड्या


६ तारीख, गुरुवार

चि. तडतड्यास अनेक आ.

तुझं पत्र वाचलं आणि शिलाई मशीन बंद करून तशीच बसले. चेहरा बघून तुझ्या भावोजींनी विचारलं, कोण गेलं म्हणून. म्हटलं, अजून कोणी नाही, रविवारी जाणार आहे.

प्रेमात पडलास, पड. तोंडावर आपटलास तरी उचलायला मी आहे. पण पाण्यात पडलास तर? सात वर्षांचा असताना तुला डोहातून केसांना धरून ओढलं ते मीच. आता तू केसही बारीक कापतोस, धरायचं कुठे?

कापडाचं म्हणशील तर मला विचार. जन्म गेला पडदे शिवण्यात. चांगली शिवण उसवत नाही रे, ओढ बसली की शिवणीच्या शेजारचं कापड फाटतं. हे लिहायला नको होतं. पण माझ्या जिवाला घोर लावलास, तर थोडा तूही सोस.

वर दोनदा खोडलंय तिथे जाऊ नकोस असं लिहिलं होतं. खोडलं, कारण तुला नको म्हटलं की तू उड्या मारत जातोस. कॉलेज सोडू नको म्हणून सगळ्यांनी सांगितलं, दिसलंच काय झालं ते. जायचं की नाही ते तू बघ. पण त्या मुलीला पोहण्याचं खरं सांग. बढाईला धरून कोणी तरंगत नाही.

घरातले होते नव्हते ते सगळे आशीर्वाद या पाकिटात घातलेत. जपून वापर.

तुझी ताई


९ तारीख, रविवार सकाळ

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. वाचून सरळ धक्क्यावर गेलो आणि पोहता येत नाही म्हणून सांगून टाकलं. तिने हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाली की पायलटलाही येत नाही. मला धीर यावा म्हणून सांगितलं म्हणे! होता नव्हता तोही गेला.

मग तिने माझ्या हातात पंप दिला. फ्लोटच्या आत वेगवेगळे कप्पे असतात, उडण्याआधी प्रत्येकातलं पाणी उपसायचं असतं. बाकीचे पटकन कोरडे झाले. उजवीकडचा मागचा कप्पा होईना. उपसला, थोड्या वेळाने पुन्हा उपसला, पुन्हा पाणी. पाणी खरंच येतंय की मलाच दिसतंय? सांगावं तर निमित्त काढतोय असं वाटणार, न सांगावं तर त्यात तीही बसणार. शेवटी ओरडलोच, की हे विमान नेऊ नका. म्हातारा म्हणाला, भित्यापाठी ब्रह्मराक्षस.

ती हसली नाही. पालथी पडून तिने खांद्यापर्यंत हात आत घातला. पत्रे जोडणाऱ्या एका रिव्हेटपाशी ओल लागली, पण ती बाहेरून आलेली की पंपाच्या नळीची, हे तिलाही सांगता येईना. तिने तिथे गळती बुजवायचं सील भरलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, की सकाळी तो कप्पा मीच बघायचा, मी कोरडा म्हणालो तरच इंजिन सुरू होईल. पुढे म्हणाली, म्हातारा चार हात मारतो आणि पंप सोडतो, घाबरलेला माणूस शेवटचा थेंब निघेपर्यंत सोडत नाही.

ताई, एवढा विश्वास माझ्यावर आजवर कोणी टाकला नव्हता, आणि त्याचीच सगळ्यात जास्त धास्ती वाटते. ओला आहे म्हटलं की सुटलो. कोणी तपासणार नाही. तीही राहील, मीही राहीन, आणि काल रात्रीपासून मी तेच वाक्य मनात घोळवतोय, किती सहज म्हणता येतं ते बघतोय. पण मग पुढे तिच्याकडे बघायचं कसं?

म्हणून एवढंच ठरवलंय, जे असेल ते सांगायचं. कोरडा निघाला तर बसायचं. मालकांना चिठ्ठी ठेवली आहे. बाबांना तू सांग, पत्र मिळेल त्या संध्याकाळी.

या वेळी तुझा लोभ जरा घट्ट धरून ठेव.

तुझा,
तडतड्या

ता. क. – दोनदा दारापर्यंत जाऊन परत आलो, म्हणून पाकीट पुन्हा उघडलं. भीती काही जात नाही, तिला घेऊनच निघतो. बूट घातलेत, पिशवी खांद्यावर आहे. टपालपेटी कोपऱ्यावर आहे, पत्र तिथे टाकेन. हे बघ, निघालो. दार लावतोय.